देणगीदार कंपनी शहर सोडून जाते तेव्हा

१. प्रस्तावना

मोठ्या कंपनीचे मुख्यालय ज्या शहरात असते, तिथल्या स्वयंसेवी संस्था, नाट्यगृहे, संग्रहालये आणि रुग्णालये यांच्या देणगीदारांच्या यादीत त्या कंपनीचे नाव हमखास सापडते. कंपनीचा व्यवसाय वादग्रस्त असेल, तर ते नाव बहुधा जास्तच ठळक असते. उद्या ती कंपनी शहर सोडून गेली, तर या संस्थांचे काय होते?

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे दिली जातात. पहिले, ‘एक देणगीदार गेला, दुसरा शोधायचा.’ दुसरे, ‘बरे झाले, पैशाबरोबर डागही गेला.’ दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. या पाठात आपण अमेरिकेतील तीन उदाहरणे पाहू : न्यूयॉर्कमधून गेलेली अल्ट्रिया, विन्स्टन-सेलममधून गेलेली आर.जे.आर. नॅबिस्को आणि ह्यूस्टनमध्ये बुडालेली एन्रॉन. त्यानंतर एक लहानसे गणित करू, आणि शेवटी आपल्याकडील कंपनी कायद्याच्या संदर्भात या उदाहरणांचा काय अर्थ लागतो ते पाहू.

पाठाचा मुख्य मुद्दा असा : देणगीदार गेल्यावर संस्था टिकेल की नाही, हे तो गेल्यावर ठरत नाही. पैसा कोणत्या स्वरूपात आणि कोणत्या अटींवर घेतला होता, यावरून ते आधीच ठरलेले असते.

२. कंपन्या मुख्यालयाच्या शहरातच जास्त का देतात?

कारखाना कुठेही असो, कंपनीच्या देणग्यांचा ओघ मुख्यालयाभोवती जास्त असतो. याची कारणे अशी :

(अ) निर्णय घेणारे अधिकारी तिथे राहतात. त्यांची मुले तिथल्या शाळेत जातात, ते तिथल्या नाट्यगृहात जातात, तिथल्या रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर बसतात.
(आ) स्थानिक प्रशासन, वृत्तपत्रे आणि लोकप्रतिनिधी यांच्याशी संबंध चांगले राहावेत, अशी कंपनीची इच्छा असते.
(इ) चांगले कर्मचारी शहरात यावेत आणि राहावेत, यासाठी शहर राहण्याजोगे असणे कंपनीच्याही फायद्याचे असते.

डेव्हिड कार्ड, केव्हिन हॅलॉक आणि एन्रिको मोरेट्टी या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील शहरांची तुलना केली. एका कंपनीचे मुख्यालय शहरात आल्याने किंवा टिकून राहिल्याने तिथल्या धर्मादाय संस्थांच्या देणग्यांत वर्षाला साधारण ३० लाख ते १ कोटी डॉलरचा फरक पडतो, असे त्यांना आढळले. यातील लक्षात ठेवण्याची गोष्ट पुढे आहे. हा फरक मुख्यतः कंपनीच्या स्वतःच्या धनादेशामुळे पडत नाही. मुख्यालयामुळे शहरात राहणाऱ्या भरपूर पगारदार लोकांच्या वैयक्तिक देणग्यांमुळे पडतो.

म्हणजे मुख्यालय गेले की संस्था तीन गोष्टी गमावते : कंपनीची देणगी, अधिकाऱ्यांच्या वैयक्तिक देणग्या, आणि विश्वस्त मंडळावर बसून चार दरवाजे ठोठावणारी माणसे. ताळेबंदात यापैकी पहिलीच गोष्ट स्पष्ट दिसते.

३. न्यूयॉर्क आणि अल्ट्रिया

फिलिप मॉरिस ही ‘मार्लबरो’ सिगारेट बनवणारी कंपनी. तिचे मुख्यालय न्यूयॉर्कमध्ये, ग्रँड सेंट्रल स्थानकासमोर, १२० पार्क अव्हेन्यू या इमारतीत होते. १९५० च्या दशकापासून तंबाखू आणि कर्करोग यांचा संबंध जसजसा स्पष्ट होत गेला, तसतशी या कंपनीला चांगल्या नावाची गरज वाढत गेली. १९६९ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे हाराल्ड झेमान यांनी भरवलेले आधुनिक कलेचे गाजलेले प्रदर्शन तिच्याच पैशांवर उभे राहिले होते.

न्यूयॉर्कमध्ये तर कंपनी कलाजगताचा एक आधारस्तंभच झाली. १९८३ मध्ये व्हिटनी संग्रहालयाची एक शाखा तिच्या मुख्यालयाच्या तळमजल्यावर सुरू झाली. ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्युझिक या संस्थेचा ‘नेक्स्ट वेव्ह’ महोत्सव त्याच वर्षी सुरू झाला, आणि कंपनी त्याची प्रमुख पुरस्कर्ती होती. आधुनिक नृत्य आणि प्रायोगिक रंगभूमी यांना पैसा देणारे कमी असतात, कारण तिथे गर्दी कमी आणि धोका जास्त असतो. ही जोखीम फिलिप मॉरिसने उचलली, हे तिच्या टीकाकारांनाही नाकारता येत नाही. कंपनीचे माजी अध्यक्ष जॉर्ज वाइसमन पुढे लिंकन सेंटर या मोठ्या कलासंकुलाचेही अध्यक्ष झाले.

१९९८ मध्ये अमेरिकेतील ४६ राज्यांशी तंबाखू कंपन्यांनी मोठा समझोता केला. २५ वर्षांत किमान २०६ अब्ज डॉलर देण्याचे मान्य झाले. त्यानंतर २००३ मध्ये फिलिप मॉरिसच्या मूळ कंपनीने आपले नाव बदलून ‘अल्ट्रिया’ केले. २००७ मध्ये तिने क्राफ्ट ही खाद्यपदार्थांची कंपनी वेगळी केली, आणि २००८ मध्ये परदेशातील सिगारेट व्यवसायही वेगळा केला. उरला तो फक्त अमेरिकेतील व्यवसाय, आणि त्याचे मोठे केंद्र आधीपासूनच व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरात होते. मुख्यालय रिचमंडला हलवण्याचे ठरले आणि न्यूयॉर्कमधील कलासंस्थांना मिळणारा निधी आटला. व्हिटनीची ती शाखा जानेवारी २००८ मध्ये बंद झाली.

इथे एक गोष्ट नोंदवावी. कंपनी गेली ती न्यूयॉर्कने तिला नाकारले म्हणून नव्हे. ती स्वतःच्या व्यवसायाची फेररचना करत होती, आणि त्यात न्यूयॉर्कचे काम संपले होते. पुढे रिचमंडमध्ये तिचा हात सैल झाला. २०१४ मध्ये तिथल्या जुन्या ‘लँडमार्क थिएटर’ला तिने १ कोटी डॉलर दिले आणि ते ‘अल्ट्रिया थिएटर’ झाले. देणगी कंपनीच्या गरजेमागे जाते, संस्थेच्या गरजेमागे नव्हे, हा या घटनाक्रमाचा सरळ अर्थ आहे.

४. निघण्याआधी वसूल झालेली किंमत

अल्ट्रिया २००८ मध्ये गेली, पण ती जाऊ शकते ही जाणीव न्यूयॉर्कला १९९४ मध्येच करून देण्यात आली होती. त्या वर्षी शहराच्या नगर परिषदेपुढे उपाहारगृहे आणि इतर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानावर मर्यादा घालणारा कायदा आला. कायदा झाला तर मुख्यालय हलवण्याचा विचार करू, असे फिलिप मॉरिसने सूचित केले. इतकेच नव्हे, तर ज्या कलासंस्थांना ती पैसा देत होती त्यांच्याशी संपर्क साधून, कंपनी गेली तर शहराच्या कलाजीवनाचे काय नुकसान होईल ते नगरसेवकांना सांगा, अशी विनंती तिच्या अधिकाऱ्यांनी केली. ही गोष्ट वृत्तपत्रांत आली आणि मोठी चर्चा झाली.

नृत्यसंस्थेचा धूम्रपानाच्या कायद्याशी काही संबंध नाही. तरीही त्या दिवशी तिला उत्तर द्यावे लागले. ‘हो’ म्हटले तर सार्वजनिक आरोग्याच्या विरोधात आपला शब्द खर्ची पडतो. ‘नाही’ म्हटले तर पुढच्या वर्षीच्या निधीची खात्री राहत नाही. देणगी घेताना अशी कोणतीही अट कागदावर नव्हती.

पुढे काय झाले? १९९५ च्या जानेवारीत कायदा मंजूर झाला. मुख्यालय मात्र त्यानंतरही बारा-तेरा वर्षे न्यूयॉर्कमध्येच राहिले. म्हणजे ‘निघून जाऊ’ ही धमकी कंपनीने अमलात आणली नाही. आणि जेव्हा ती खरोखर गेली, तेव्हा त्याला धूम्रपानबंदी कारण नव्हती. मिंधेपणाने मौन पाळले तरी देणगीदार टिकेलच असे नाही, हा धडा इथे मिळतो.

५. फटका कोणाला जास्त बसतो? एक गणित

स्थापत्य अभियांत्रिकीत आपण शिकतो की एखादा खांब काढल्यावर इमारत पडेल का, हे त्या खांबावर किती भार आहे एवढ्यावरूनच ठरत नाही. तो भार वाटून घेणारे दुसरे खांब आहेत का, यावरही ठरते. हीच रीत संस्थेच्या हिशेबाला लावू. पुढील दोन्ही संस्था काल्पनिक आहेत.

संस्था ‘क’ हे मोठे संग्रहालय आहे. वार्षिक खर्च ४० कोटी रुपये. कंपनीची देणगी ८० लाख, म्हणजे २ टक्के.

संस्था ‘ख’ ही लहान नृत्यसंस्था आहे. वार्षिक खर्च ४० लाख रुपये. उत्पन्न असे : शाळांतील कार्यशाळांसाठी सरकारी अनुदान २५ लाख, तिकिटे व लहान देणग्या ५ लाख, कंपनीची देणगी १० लाख. म्हणजे कंपनीचा वाटा २५ टक्के.

कंपनी गेल्यावर ‘क’चे नुकसान रुपयांत आठपट आहे, पण ते संग्रहालय दोन प्रदर्शने कमी करून वर्ष काढील. ‘ख’ने एक चतुर्थांश उत्पन्न गमावले. तर मग तिने काम एक चतुर्थांश कमी केले की भागेल, असे वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण सगळे रुपये सारखे नसतात.

सरकारी अनुदानाचे २५ लाख हा बांधील निधी आहे. तो कार्यशाळांवरच खर्च करावा लागतो. जागेचे भाडे, वीजबिल, हिशेबनिसाचा पगार, लेखापरीक्षण हा १५ लाखांचा खर्च मुक्त निधीतून भागतो. मुक्त निधी म्हणजे कंपनीचे १० लाख आणि तिकिटे व लहान देण्यांचे ५ लाख, एकूण १५ लाख. म्हणजे कंपनीचा खरा वाटा १० भागिले १५, सुमारे ६७ टक्के आहे.

कंपनी गेल्यावर ५ लाख उरतात. दरमहा स्थिर खर्च १ लाख २५ हजार आहे. म्हणजे चार महिने. गंगाजळीत अडीच लाख असतील तर आणखी दोन महिने. सातव्या महिन्यात कार्यालय बंद होते. कार्यालय बंद झाले की अनुदानाचा विनियोग दाखला द्यायला माणूस राहत नाही, आणि मग २५ लाखांचे अनुदानही जाते. १० लाखांची देणगी गेल्याने ४० लाखांचे काम थांबते ते असे.

म्हणून ‘एकूण उत्पन्नात या देणगीदाराचा वाटा किती?’ हा प्रश्न दिशाभूल करतो. ‘भाडे कोणाच्या पैशातून भरले जाते?’ हा खरा प्रश्न आहे.

आता दुसरा मुद्दा : पर्यायी खांब स्वतंत्र आहेत का? अल्ट्रिया न्यूयॉर्कमधून बाहेर पडली त्याच वर्षी, सप्टेंबर २००८ मध्ये, लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली. डिसेंबरमध्ये बर्नार्ड मेडॉफ याचा गुंतवणूक घोटाळा उघड झाला. त्यात पैसे अडकलेली जे.ई.एच.टी. आणि पिकॉवर ही मोठी प्रतिष्ठाने बंद पडली. न्यूयॉर्कचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग कार्नेगी कॉर्पोरेशनमार्फत शहरातील शेकडो लहान संस्थांना दरवर्षी आपला खासगी पैसा देत असत. तो उपक्रमही २०१० मध्ये थांबला. (२००३ मध्ये न्यूयॉर्कच्या बार आणि उपाहारगृहांत पूर्ण धूम्रपानबंदी आणणारे महापौर हेच.) देणगीदार पाच असले, तरी ते सगळे एकाच शेअर बाजारावर उभे असतील तर खांब पाच दिसतात आणि पाया एकच असतो.

६. विन्स्टन-सेलम : कंपनी गेली, निधी राहिला

उत्तर कॅरोलिना राज्यातील विन्स्टन-सेलम हे शहर आर. जे. रेनॉल्ड्स यांच्या तंबाखू उद्योगावर वाढले. १९८५ मध्ये या कंपनीने नॅबिस्को ही बिस्किटांची कंपनी घेतली आणि ती आर.जे.आर. नॅबिस्को झाली. १९८७ मध्ये नव्या व्यवस्थापनाने मुख्यालय अटलांटाला नेले. सिगारेटचे कारखाने तिथेच राहिले, पण गावाच्या जिव्हारी लागले ते मुख्यालयाचे जाणे. दोन वर्षांनी, सुमारे २५ अब्ज डॉलरच्या गाजलेल्या व्यवहारात, के.के.आर. या गुंतवणूक संस्थेने पूर्ण कंपनीच विकत घेतली.

तरीही शहरातील शाळा, रुग्णालये आणि कलासंस्था एकदम पोरक्या झाल्या नाहीत. कारण कंपनीच्या वार्षिक देणग्यांखेरीज तिथे दुसरा पैसा होता. रेनॉल्ड्स कुटुंबाने १९३६ मध्ये झेड. स्मिथ रेनॉल्ड्स प्रतिष्ठान आणि १९४७ मध्ये केट बी. रेनॉल्ड्स धर्मादाय न्यास स्थापन केले होते. त्यांची घटना वेगळी, विश्वस्त वेगळे, आणि काम करण्याचे क्षेत्र कागदावरच उत्तर कॅरोलिनापुरते बांधलेले. झेड. स्मिथ रेनॉल्ड्स प्रतिष्ठानाच्या आश्वासनामुळेच वेक फॉरेस्ट हे महाविद्यालय १९५६ मध्ये या शहरात आले आणि पुढे विद्यापीठ झाले. मुख्यालय हलले तेव्हा कंपनीने आपली काचेची इमारतही याच विद्यापीठाला देऊन टाकली.

हा पैसादेखील तंबाखूचाच होता. त्याच्या उगमाबद्दलचा नैतिक प्रश्न यामुळे सुटत नाही. पण एक फरक पडतो. कायम निधीवर चालणाऱ्या स्वतंत्र न्यासाला उद्या नगरसेवकाकडे शब्द टाकायला सांगणारा कोणी नसतो, आणि कंपनी अटलांटाला गेली म्हणून न्यासाला जावे लागत नाही.

७. ह्यूस्टन : कंपनी गेली नाही, बुडाली

एन्रॉनचे नाव महाराष्ट्राला रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ वीजप्रकल्पामुळे चांगलेच ठाऊक आहे. तिचे मुख्यालय टेक्सासमधील ह्यूस्टनला होते, आणि तिथे ती कंपनी व तिचे प्रमुख केनेथ ले हे मोठे दाते म्हणून ओळखले जात. २ डिसेंबर २००१ रोजी एन्रॉनने दिवाळखोरीचा अर्ज केला. दुसऱ्याच दिवशी ह्यूस्टनमधील सुमारे ४,००० कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केले. अनेकांची निवृत्तीची बचत एन्रॉनच्याच शेअरमध्ये होती. काल देणगी देणारे लोक आज स्वतः मदतीच्या रांगेत, अशी ही स्थिती होती.

इथून दोन व्यावहारिक गोष्टी शिकता येतात. पहिली, वचन आणि जमा रक्कम यांत फरक आहे. ‘पाच वर्षे दरवर्षी देऊ’ असे वचन दिलेली कंपनी दिवाळखोर झाली, तर संस्था देणेकऱ्यांच्या रांगेत अगदी मागे उभी राहते. दुसरी, शेअरच्या रूपात देणगी मिळाली तर ती केव्हा विकली, यावर सगळे अवलंबून असते. एन्रॉनचा शेअर ऑगस्ट २००० मध्ये ९० डॉलरच्या आसपास होता. डिसेंबर २००१ मध्ये तो एका डॉलरच्याही खाली होता. ले यांनी १९९९ मध्ये मिसूरी विद्यापीठाला अर्थशास्त्राच्या अध्यासनासाठी सुमारे ११ लाख डॉलरचे एन्रॉनचे शेअर दिले होते. विद्यापीठाने ते वेळीच विकले, म्हणून पैसा वाचला. पण अध्यासनाला ले यांचे नाव होते, आणि ते पद अनेक वर्षे रिकामेच राहिले. पैसा सुरक्षित आणि नाव अडचणीचे, अशी ही दुसऱ्या प्रकारची हानी आहे.

८. भारतीय संदर्भ

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे, १ एप्रिल २०१४ पासून, ठरावीक आकाराच्या कंपन्यांना (निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा त्याहून जास्त) मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. कंपनी जिथे काम करते त्या स्थानिक परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो.

वरील उदाहरणांच्या प्रकाशात तीन गोष्टी दिसतात.

(अ) रक्कम नफ्याशी बांधलेली आहे. नफा घटला की सगळ्या संस्थांचा निधी एकाच वेळी घटतो.
(आ) ‘स्थानिक परिसर’ कंपनीबरोबर हलतो. प्रकल्प बंद झाला की प्राधान्यही दुसऱ्या जिल्ह्यात जाते. ज्या गावाने प्रकल्पाचे परिणाम सोसले, ते गाव मात्र तिथेच राहते.
(इ) जानेवारी २०२१ च्या नियमबदलानंतर एखाद्या संस्थेच्या कायम निधीत भर घालणे हा या कलमाखालील खर्च मानला जात नाही. म्हणजे विन्स्टन-सेलमला ज्या प्रकारच्या निधीने तारले, तो या मार्गाने उभा करता येत नाही. संस्थेला तो सामान्य लोकांच्या लहान देणग्यांतून, माजी विद्यार्थ्यांकडून किंवा स्वतःच्या उत्पन्नातूनच उभा करावा लागतो.

यामुळे हा निधी नाकारावा असे नाही. पण त्यावर कार्यक्रम चालवावेत, कार्यालयाचे भाडे नाही, एवढी शिस्त पाळणे शहाणपणाचे आहे.

९. संस्थेने आधीच विचारायचे प्रश्न

१. आपल्या मुक्त निधीत सर्वांत मोठ्या देणगीदाराचा वाटा किती? तो एक तृतीयांशाहून जास्त असेल तर आजच दुसरा स्रोत शोधायला लागावे.
२. उद्या त्याने पत्र पाठवले तर आपले कार्यालय किती महिने चालेल?
३. देणगीच्या करारात थांबण्याची पूर्वसूचना किती? किमान एक आर्थिक वर्षाची सूचना आणि टप्प्याटप्प्याने घट मागता येते. मोठे देणगीदार अनेकदा ती मान्य करतात, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.
४. देणगीदाराच्या व्यवसायाशी संबंधित सार्वजनिक प्रश्नावर आपण बोलणार नाही आणि कोणासाठी शब्दही टाकणार नाही, असे लेखी धोरण आपल्याकडे आहे का? ते पहिला धनादेश येण्याआधी ठरवावे. नंतर ठरवणे अवघड जाते.
५. इमारतीला किंवा पुरस्काराला नाव देत असू, तर ते किती वर्षांसाठी? नाव काढण्याची तरतूद करारात आहे का?

१०. सारांश

अल्ट्रिया गेल्यावर न्यूयॉर्कमधील कला संपली नाही. ब्रुकलिनचा ‘नेक्स्ट वेव्ह’ महोत्सव पुढेही भरत राहिला, कारण त्यामागची संस्था मोठी होती आणि तिला इतर आधार होते. अशा वेळी आवाज न करता बंद पडतात त्या लहान संस्था. त्यांची बातमीही होत नाही. वादग्रस्त पैसा घ्यावा की नाही, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण तो घेतल्यावर नाही म्हणण्याची ताकद शिल्लक आहे का, हे हिशेबाच्या वहीवरून तपासता येते. ज्या संस्थेला देणगीदाराशिवाय सहा महिनेही काढता येत नाहीत, तिचे स्वातंत्र्य देणगीदार शहरात असतानाच संपलेले असते.

स्वाध्याय

१. बांधील निधी आणि मुक्त निधी यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.
२. संस्था ‘ख’ने तिकिटे व लहान देणग्यांचे उत्पन्न ५ लाखांवरून ९ लाखांवर नेले, तर कंपनी गेल्यावर गंगाजळीसह ती किती महिने टिकेल? (उत्तर : सुमारे ९ महिने)
३. आपल्या गावातील एखाद्या ग्रंथालयाचा किंवा वसतिगृहाचा वार्षिक अहवाल मिळवा आणि ‘भाडे कोणाच्या पैशातून भरले जाते?’ या प्रश्नाचे उत्तर शोधा.
४. न्यूयॉर्क आणि विन्स्टन-सेलम या दोन उदाहरणांतील महत्त्वाचा फरक कोणता? तंबाखूच्या पैशाबद्दलचे तुमचे नैतिक मत या फरकामुळे बदलते का? कारणे द्या.